दर्याकडे तोंड केलेली सीट

मी सीटा शिवते. मोटारसायकलच्या, रिक्षांच्या, वेळ पडली तर एखाद्या टेम्पोच्याही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझा गाळा आहे. बाबांच्या पश्चात त्यांचं जाड सुईचं मशीन आणि त्यांची तिखट जीभ या दोन गोष्टी वारशाने माझ्याकडे आल्या, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. या धंद्यात मी एक गोष्ट मात्र शिकले. सीट कुठे फाटलीय ते बघितलं की माणूस कळतो. पोराबाळांच्या माणसाची सीट मधोमध फाटते, कारण तिथे एखादं कार्टं कोंबलेलं असतं. पोट सुटलेल्याची टाकीजवळ फाटते. आणि एकट्याची पुढे फाटते, मागे तशीच कोरी राहते, शोरूममधून आत्ता बाहेर काढल्यासारखी.

हुसेन मुकादमांच्या गाडीची मागची सीट मी दोनदा मुळापासून शिवली. दोन्ही वेळा ती कोरीच राहिली. म्हणून त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायला बसले.

माझ्या शेजारचा गाळा बरेच दिवस बंद होता. एक दिवस शटर वर गेलं आणि आतून एक उंच, काटक, साठी ओलांडलेला माणूस झाडूने कोळिष्टकं काढताना दिसला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने पांढरे डाग. झाडू मारायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? मी मनात म्हटलं, झालं, आले कोणीतरी नवाब. नवाबांनी दुपारी चहाचा थर्मास आणि दोन पेले घेऊन माझ्या दारात हजेरी लावली.

"काय गो बाय, दूध चालतं ना चहात? मी वाईच जास्त घालतो."

ते मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणाले आणि मी त्यांना चाचा. चहात दूध नव्हे, दुधात चहा असायचा. तो रोज प्यावा लागायचा, कारण दोन पेले आणलेला माणूस एक पेला भरलेला परत नेताना फार वाईट दिसतो.

मुकादमचाचा मूळचे केळशीचे. मिसरूड फुटली तेव्हा मस्कतला गेले आणि तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पाइप वाकवता वाकवता म्हातारे झाले. दोन वर्षांनी एकदा दोन महिने सुट्टी. बायको झुबेदा केळशीला, सासूसासऱ्यांपाशी. एकच मुलगा, समीर. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. चाचा कायमचे परत आले त्याच सुमाराला समीरला मस्कतलाच नोकरी लागली. सूनही नोकरी करणारी, घरात दोन लहान पोरं, सांभाळायला कोणी नाही. झुबेदाभाभी सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्या तिकडेच राहिल्या.

"एकाच विमानाची गोष्ट, बाय," चाचा सांगायचे. "मी उतरलो आणि माझ्या जागेवर ती चढली."

असं म्हणून ते हसायचे. पहिल्यांदा मीही हसले. नंतर नाही हसता आलं.

केळशीला चांगलं चिरेबंदी घर, माडा-पोफळींची वाडी. तरी हा माणूस मिरजोळ्यात गाळ्याच्या पोटमाळ्यावर का राहतो, हे मला उमगत नव्हतं. एकदा विचारलंच. म्हणाले, "भांड्याला भांडं लागायला घरात दोघं लागतात. एकट्याच्या घरात काय वाजणार?" मग म्हणाले, "ती आली का जाणार केळशीला. दोघं मिळून. तोवर हतं बरं हाय. हतं आवाज हाय."

आवाजाची मात्र आमच्याकडे ददात नव्हती. पलीकडे पत्रे कापायचं मशीन, समोर पाण्याच्या टाक्या, मागे बर्फाचा कारखाना. माझं डोकं उठायचं आणि या माणसाला त्यात करमायचं.

चाचांच्या मनगटावर एक जुनं स्टीलचं घड्याळ होतं. ते दीड तास मागे असायचं. मी एकदा सुधारून देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतला. तिकडे होते तेव्हा घड्याळ इथल्या वेळेवर ठेवलेलं, आता इथे आहेत तर तिकडच्या. "आता तिचा सैपाक चालू असंल," "आता नातू शाळेतनं येईल," असं ते घड्याळ बघून सांगत. नमाजाची वेळ मशिदीच्या बांगेवर आणि जेवणाची वेळ माझ्या डब्याच्या वासावर. त्या घड्याळाचा त्यांना स्वतःसाठी काडीचा उपयोग नव्हता.

आता त्या गाडीकडे वळते.

चाचांनी कुठूनतरी साडेतीनशे सीसीची एक जुनी, गंजून गेलेली मोटारसायकल आणली आणि तिचं इंजिन सोडून सगळं कापून काढलं. त्यांना क्रूझर बनवायची होती. तिकडच्या वर्कशॉपात अशा गाड्या त्यांनी हौशी लोकांसाठी कितीतरी बनवल्या, स्वतःसाठी कधी नाही. क्रूझर म्हणजे काय, ते मला त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. पुढचं चाक हँडलपासून लांब, पुढे गेलेलं. बसायची जागा खाली, पार कमरेच्याही खाली. पाय गुडघ्यात दुमडून मागे नाही ठेवायचे, आरामखुर्चीत बसल्यासारखे पुढे सोडायचे. हँडल मागे वळून आपल्या हातात आलेलं, म्हणजे पाठीला वाकायला नको. मागचं टायर जाड, म्हणजे खड्डा लागला तर आधी टायरला लागेल, मग माणसाला.

"बाकीच्या गाड्या पोचायला असतात," चाचा म्हणाले. "ही जायाला असते."

मी म्हटलं, "चाचा, हातखंब्याच्या खड्ड्यांत सगळ्या सारख्याच."

पण गाडी खरंच देखणी होत गेली, हे कबूल केलं पाहिजे. टाकी त्यांनी पत्रा ठोकून हाताने घडवली, पुढे फुगीर आणि मागे निमुळती. तिला रंग दिला कोकमाच्या आगळासारखा, सावलीत काळा वाटावा आणि उन्हात लाल. चकचकीत क्रोम कुठेही नाही, कारण खारं वारं ते दोन पावसाळ्यांत खातं. जिथे चमक हवी तिथे स्टेनलेस स्टील, जिथे शोभा हवी तिथे पितळ. पुढचा दिवा मासेमारीच्या एका मोडीत निघालेल्या मचव्याचा, जाड काचेचा. मागचं मडगार्ड वर येऊन टोकाला असं वळवलेलं की मचव्याची नाळ, त्याचं पुढचं उचललेलं टोक, आठवावी. एमआयडीसीतली पोरं त्या गाडीला 'मुकादमांचं गलबत' म्हणू लागली. इंजिनाचा ठोका मंद आणि जड होता. चाचा गाडी चालू करून डोळे मिटून ऐकत बसायचे. मग "अजून वाईच बाकी हाय" असं म्हणून बंद करायचे.

हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांनी कधी लपवलं नाही. झुबेदाभाभी सुट्टीवर आल्या की त्यांना या गाडीवर बसवून रत्नागिरीहून केळशीला न्यायचं. मोठ्या रस्त्याने नाही, समुद्राकाठाने. तो रस्ता चाचा तसबीहची जपमाळ ओढल्यासारखा म्हणत. आरेवारे, गणपतीपुळे, जयगड, तिथे फेरीबोट. पलीकडे तवसाळ, मग गुहागर, पुन्हा धोपाव्याला बोट, दाभोळ, हर्णै, आंजर्ले आणि केळशी.

"निकाह झाल्यावर तिला बोललो व्हतो, एक दिवस फिरवीन तुला दर्याकाठानं. मग गेलो मी तिकडं. दर सुट्टीत कोणाचं लगीन, कोणाचं मयत, घराची कौलं. राहूनच गेलं बघ."

माणसाला एवढंच हवं होतं. एक दिवस, एक रस्ता, मागे बायको.

मागच्या सीटचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चाचा एका कापडात गुंडाळून लाकडी पाट घेऊन आले. झुबेदाभाभी केळशीच्या घरात ज्या पाटावर बसून मासे कापत, तो. मधे झिजून थोडा खोलगट झालेला.

"हे तिचं माप. हतनं पुढं किती, मागं किती, सगळं हाय हाच्यात."

माझ्या आयुष्यात पाटावरून कोणी सीटचं माप दिलं नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, भाभींना फोन करून विचारा ना." तर म्हणाले, "नको. अचानक दाखवायचं हाय."

मी पाटाच्या मापाने फोम कापला, वर मऊ थर दिला, चांगल्यातलं काळं रेक्झिन ताणून दुहेरी शिवण घातली. चाचांनी मागे उंच पाठ टेकायला स्टीलची कमान केली, तिलाही मी गादी शिवली. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पितळी पट्ट्या. राजाला बसवावं अशी सीट झाली.

जुन्या गाडीचं साडी गार्ड आणि डाव्या अंगाची बायकांची पाय ठेवायची पट्टी चाचांनी पहिल्याच दिवशी कापून भंगारात टाकली होती. मी तेव्हा टोकलं, "अहो, भाभी साडी नेसतात ना?"

"ते लोढणं हाय नुसतं, गाडीचा तोल बिघडवतं," चाचा म्हणाले. "आणि तिला लागतंय कशाला? पाठ टेकून आरामात बसेल."

 नवऱ्याला आपली बायको ठाऊक असणार, असं कोणीही धरून चालतं.

गाडी तयार झाल्याचं कळताच गावभर फोटो फिरले. गणपतीपुळ्याकडचा एक हॉटेलवाला गाडी बघायला आला. त्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती, लोकांनी बाजूला उभं राहून फोटो काढावेत म्हणून. चाचांनी त्याला चहा दिला, गाडी दाखवली, मग म्हणाले, "ही एका माणसाच्या मापाची हाय. दुसऱ्याला व्हत नाय."

"मला कुठे चालवायचीय? उभीच ठेवायचीय."

"तेच तर," चाचा म्हणाले. "उभं ऱ्हायाचं काम आमचं झालंय करून."

हॉटेलवाल्याला काही कळलं नाही. त्याने चहा मात्र संपवला, दूध जास्त असूनही.

आणि झुबेदाभाभी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलक्या डोळ्यांच्या. फिकट हिरवी साडी, वर काळा बुरखा, पुढून उघडा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आल्या आणि सकाळी चाचांनी त्यांना थेट गाळ्यावर आणलं. मला हाक मारली. चाचांचा शर्ट त्या दिवशी इतका कडक होता की हात वर केला तर मोडेल असं वाटावं. त्यांनी गाडीवरची चादर ओढली.

भाभी बघतच राहिल्या. टाकीवरून हात फिरवला, दिव्याच्या काचेत वाकून स्वतःला पाहिलं. म्हणाल्या, "ही तुमी बनवलास? या हातांनी?"

"बस," चाचा म्हणाले. "मागं बस."

भाभी गाडीला एक वळसा घालून डाव्या बाजूला आल्या, उभ्या राहिल्या आणि सीटकडे पाहू लागल्या. मग माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात मला सगळं लख्ख दिसलं. त्या एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या होत्या. आमच्या आया बसायच्या तशा, जन्मभर. आणि या गाडीवर तसं बसायला जागाच नव्हती. सीट अरुंद आणि खोलगट, मागे कमान, पाय ठेवायला एकेक पट्टी आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून काहीही नाही.

"दोनी बाजूला पाय टाकून बसायचं," चाचा समजावू लागले. "पाठ टेकायची. असं."

"मी?" भाभी म्हणाल्या. "या गुडघ्यांनी? या साडीत? मी कधी बसलेय तशी?"

चाचा सीटवरून हात फिरवत राहिले.

"तुमच्या भावाच्या स्कूटरवर बाजारात जायची मी. समीरला मांडीवर घेऊन दवाखान्यात जायची. एका बाजूलाच बसायची." भाभींच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पर तुमी कधी बघितलास मला, गाडीवर बसलेली?"

गाळ्यात पत्रे कापायच्या मशीनचा आवाज येत राहिला. खरंच, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सुट्टीत आलेल्या नवऱ्याला भाड्याची जीपच करावी लागे. सोबत सगळं घर असे. सबंध संसारात या दोघांनी दुचाकीवर एकत्र बसून चार पावलांचा रस्ताही केला नव्हता. पाटावरून बसलेली बायको मापता येते, पण ती बसते कशी ते पाटाला काय ठाऊक?

भाभी दोन महिने राहिल्या. ते दोन महिनेही माहेरची लग्नं, दातांचा दवाखाना आणि पासपोर्टच्या फेऱ्यांत गेले. एकदा केळशीला जाऊन आली दोघं, पण एसटीने. मग भाभी परत गेल्या आणि त्यांना सोडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी कटर चालू केला.

पाठीची उंच कमान त्यांनी कापली आणि फिरवून उजव्या बाजूला बसवली. मला म्हणाले, "बाय, सीट सगळी उसव. आता तिचं तोंड डावीकडे." सीट रुंद झाली, आडवी झाली. टोकाला धरायला पितळी कडी आली. मागच्या चाकावर जाळीचं साडी गार्ड आलं, तेही असं नक्षीदार की जुन्या खिडकीचे वेलबुट्टीचे गज वाटावेत. आणि डाव्या अंगाला पाय ठेवायला त्यांनी तोच केळशीचा पाट बसवला, तेलपाणी करून, खालून स्टीलच्या पट्ट्या देऊन.

गाडीचं रूप गेलं, हे खोटं कशाला बोलू. मूळच्या त्या लांबसडक गाडीच्या पाठीवर आता कोणीतरी आरामखुर्ची आडवी ठेवलीय असं दिसायचं. पोरं हसायची. चाचा मात्र खुशीत होते, कारण त्यांना एक शोध लागला होता. ते धावतच माझ्याकडे सांगायला आले.

"बाय, हतनं केळशीला जाताना दर्या कुठल्या अंगाला?"

मी विचार केला. "डावीकडे."

"तिचं तोंड कुठं?"

"डावीकडे."

"मान पण वळवायला नको तिला! सगळा दर्या समोर. आरेवारेपासून पार आंजर्ल्यापर्यंत."

मला त्यांना चिडवावंसं वाटलं. "आणि परत येताना? डोंगर बघायचा?"

"परत कोण येतंय?" चाचा म्हणाले.

एक अडचण मात्र होती. एका बाजूला बसलेल्या माणसाला घेऊन चालवायची चाचांना सवयच नव्हती. मागच्याचे पाय आणि गुडघे सगळे डावीकडे असतात, त्यामुळे चालवणाऱ्याला अंग उजवीकडे किंचित झुकतं ठेवावं लागतं. आपल्याकडच्या संसारी माणसांना हे कोणी शिकवत नाही, लग्नानंतर आपसूक येतं. चाचांना आलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी तांदळाचं एक पोतं आणलं, भाभींच्या वजनाचं भरलं आणि सीटवर दोरीने बांधलं, निम्मं वजन पाटाकडे सोडून.

रोज सकाळी पोतं घेऊन चाचा एमआयडीसीच्या रस्त्यांवर फेऱ्या मारायचे. बर्फाच्या कारखान्यापाशी गडी उभे असत. "चाचा, तांदळाला हवा खायाला नेलास काय?"

"तांदूळ नाय रे, सवारी हाय!" चाचा ओरडून सांगायचे. गडी खो खो हसायचे, मीही हसायचे. एकदा माझ्या दारासमोरच्या वळणावर दोरी सुटली आणि पोतं धपकन रस्त्यावर पडलं. चाचांनी गाडी लावली. पोतं उचलायच्या आधी त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि त्यावरची धूळ पुसली. चारही बाजूंनी, हळूहळू. मी मदतीला निघाले होते, ती दारातच थांबले. त्या दिवसापासून मी हसायचं सोडलं.

हळूहळू त्यांना तोल जमला. वळणावरही पोतं हलेनासं झालं.

सीटची शेवटची शिवण घालायला मी त्यांच्या गाळ्यात बसले होते, तेव्हा फोन झाला. चाचांचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्यांनी फोन बाकावर ठेवून आवाज मोठा केला. मी उठू लागले तर हातानेच बस म्हणाले. त्यांना वाटलं असणार, आनंदाची गोष्ट आहे, ऐकू दे हिलाही.

"झुबे, गाडी झाली. आता एका बाजूला बसायची केलीय. तुजं तोंड दर्याकडे. कधी येतेस बोल."

 भाभी म्हणाल्या, "कुठं जायाचं म्हणतास?"

"केळशीला. आपल्या घरी. कायमचं."

"तुमचं घर ते," भाभी म्हणाल्या. "मी त्या घरात एकटीनं दिवस काढलेत. तुमची अम्मी गेली तेव्हा मी एकटी. वादळात कौलं उडाली तेव्हा मी एकटी. समीर तापानं फणफणला, तेव्हा त्याला पोटाशी धरून सकाळची वाट बघितली. समोर तो दर्या, सारखा वाजत. अजून त्याचा आवाज आला का मी उठून दाराची कडी बघते. तुमी मला दर्या दाखवायला नेतास? मी जन्मभर दर्याच बघितला हो."

चाचा ग्रीसचे हात तसेच पुढे धरून उभे होते.

"तुमीच इकडं या," भाभी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "समीर व्हिसा काढतो बोललाय. पोरं हायत, सगळं हाय हतं."

"तिकडं?" चाचांचा आवाज मला ओळखू आला नाही. "झुबे, त्या वाळूत माझी जवानी गेली. एका खोलीत आठ माणसं आणि एक पण आपलं नाय. विमानतळ बघितला तरी जीव घाबरतो. नाय गो येववत मला."

"मग?"

"मग काय."

 मी शिवणीवर डोळे लावून बसले, पण टाका दिसत नव्हता. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचंही खरं होतं. एकीने एकटेपण काढलं ते केळशीला, दुसऱ्याने मस्कतला. आणि जो तो दुसऱ्याला बोलावत होता ते नेमकं त्याच जागी. तिसरी जागा त्यांना सुचतच नव्हती. मिरजोळ्याच्या पोटमाळ्यावर संसार थोडाच मांडतात?

शेवटी भाभींनी विचारलं, "जेवलास काय?"

"जेवलो. तू?"

"हतं अजून वेळ हाय."

"हां," चाचा मनगटाकडे बघत म्हणाले, "दिसतंय मला."

फोन बंद झाल्यावर त्यांनी चिंधीने हात पुसले, बोट न् बोट. मग माझ्याजवळ येऊन शिवण बघितली.

"डबल घाल हां बाय. उसवता कामा नये."

मी म्हटलं, "चाचा, आता कशाला?"

"घाल गो. सीट हाय ती."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गाळा रिकामा केला, मला तो थर्मास दिला, दोन्ही पेल्यांसकट. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, बघू. पोतं त्यांनी बर्फाच्या कारखान्यातल्या गड्यांना देऊन टाकलं. त्यांनी त्या तांदळाची बिर्याणी केली आणि मलाही डबा आणून दिला. मला ती जाईना.

शेवटचे दिसले ते जयगडच्या फेरीबोटीवर. गुहागरला भाचीचा साखरपुडा होता आणि आमच्या ह्यांनी हौसेने आमचीच रिक्षा काढली होती. बोटीत गाड्या लागत होत्या आणि कठड्यापाशी मला ते गलबत दिसलं. कोकमी टाकी उन्हात लाल झालेली. चाचा शेजारी उभे, शर्ट कडक, घड्याळ दीड तास मागे.

"केळशीला चाललोय," ते म्हणाले. "घराला वारा द्यायला लागतो मधनंमधनं. नायतर वाळवी धरते."

"राहणार तिथे?"

"दोन-तीन दिवस राहीन. मग परत. रत्नागिरीत खोली घेतलीय, स्टँडच्या मागं. आवाज असतो तितं."

"भाभी?"

"बरी हाय. नातवाला शाळेत सोडून आली असंल आता."

एवढ्यात मासे विकून परतणारी एक म्हातारी रिकामी पाटी घेऊन टेकायला जागा शोधत आली. तिला ती आडवी सीट दिसली. पाय ठेवायला पाट, धरायला कडी, पाठीला गादी. बाईमाणसाला अशी सीट बघून मोहच व्हावा. ती पाटी खाली ठेवून बसायला वळली आणि चाचांनी पटकन सीटवर हात ठेवला.

"नको मावशी. जागा धरलेली हाय."

तेव्हा मी बघितलं. सीटवर एक रुमाल होता, घडी घातलेला, कडीत टोक अडकवून ठेवलेला. एसटीत खिडकीतून टाकतात तसा.

"कोणाची रे बाबा?" म्हातारीने विचारलं आणि ती सगळ्या बोटीवर नजर फिरवू लागली. गाड्यांमधून, माणसांमधून, वरच्या केबिनकडे. चाचांनी तिला स्वतःची पिशवी उलटी करून बसायला दिली. सीटच्या समोर खाडीचं तोंड उघडं होतं आणि त्यापलीकडे नुसता समुद्र.

तवसाळला बोट लागली. आमची रिक्षा मागे होती, त्यामुळे चाचा आधी निघाले. त्यांनी मला हात केला, मागे वळून रुमाल नीट आहे ना बघितलं आणि गाडी चालू केली. तोच मंद, जड ठोका. धक्क्यावरून रस्ता वर चढतो आणि चढावर एक लांब वळण आहे. बाकीच्या मोटारसायकली भराभर निघून गेल्या. चाचा सावकाश चालले होते, खड्डा दिसला की आणखी सावकाश. वळणावर ते पुरते दिसले. मागची सीट रिकामी होती, आणि ते अंग उजवीकडे किंचित झुकतं ठेवून चालवत होते.